फियाट घरी आली ती पाठमोरी

"तोंड कुनीकडं करायचं, मामा? केबिनकडं का मागं फाळक्याकडं?"

हमालांचा मुकादम सिद्धू कमरेवर हात ठेवून विचारत होता. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या वखारीचा तो धक्का. ट्रक मागे घेऊन लावला की धक्का आणि ट्रकचा तळ एका उंचीला येतात आणि पोती सरळ आत जातात. आज धक्क्यावर पोत्यांच्या जागी एक जुनी पांढरी फियाट उभी होती. हातगाड्यांसाठी केलेल्या उतारावरून तिला वर ढकलताना हमालांनी असा काही गलका केला की शेजारच्या वखारीतला सौदा थांबला आणि व्यापारीही बघायला बाहेर आले.

"तोंड पुढं. केबिनकडं," धोंडीबा म्हणाला. "गाडी काय उलट्या तोंडानं गावाला जाती व्हय रं?"

सगळे हसले, पण धोंडीबाने विनोद केला नव्हता. उभा जन्म त्याने डॉक्टरसाहेबांची हीच गाडी चालवली होती. दवाखान्यामागच्या शेडमध्ये ती लावायची तर नेहमी रिव्हर्सने. अवेळी कुणाचं बोलावणं आलं तर गाडीचं तोंड रस्त्याकडे हवं. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरी तो चपलासुद्धा वळवून, दाराकडे तोंड करून काढत असे.

"व्हा मागं! हैऽऽ!" सिद्धू ओरडला आणि फियाट नाकासमोर चालत गावाकडच्या केरबाच्या आयशर ट्रकमध्ये जाऊन बसली. हमालांचे हात दिवसभर हळदीत बुडालेले. त्यांनी जिथे जिथे जोर लावला तिथे तिथे पांढऱ्या पत्र्यावर पिवळे पंजे उमटले.

ट्रकच्या सावलीत दगडाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती उठून जवळ आली, गाडी निरखून बघितली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, माज्या सवतीला हळद लागली की!"

सवत हे नाव तिने फार पूर्वीच ठेवलं होतं. सकाळी उठल्याबरोबर नवरा आधी गाडी पुसायचा आणि मग चहा घ्यायचा, तर दुसरं काय म्हणायचं? दिवाळीला गाडीला झेंडूची माळ, दसऱ्याला आपट्याचं पान. दगडाबाईच्या वाट्याला मात्र त्या गाडीचं एक दारही कधी आलं नव्हतं. ती त्या फियाटमध्ये जन्मात बसली नव्हती.

डॉक्टरांचं काही म्हणणं नव्हतं. एकदा तर त्यांनी स्वतः सांगितलं होतं, "धोंडीबा, बायकोला स्टँडवर सोडून ये गाडीनं." धोंडीबाने मान हलवली, बायकोचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि तिला चालत स्टँडवर नेलं. मालकाची गाडी ती मालकाची. दगडाबाई त्या दिवशी वाटभर एक शब्द बोलली नाही. नंतर मात्र ती बोलली ते आजतागायत. भांडण नाही, राग नाही, नुसती चेष्टा. पण त्या चेष्टेत एक बारीक काटा होता आणि तो आपल्याला नेमका कुठे टोचतो हे धोंडीबाला चांगलं ठाऊक होतं.

डॉक्टर गेले. दवाखान्याची जागा विकली. शेड मोकळी करून द्यायची वेळ आली तेव्हा एक भंगारवाला येऊन गाडीच्या दारावर बोटांनी टकटक करून गेला. ती टकटक धोंडीबाच्या छातीत वाजली. त्याने पुण्याला फोन लावला. डॉक्टरांची नात प्रांजल म्हणाली, "काका, इंजिन जाम झालंय तिचं. चालत नाही ती. काय करणार तुम्ही घेऊन?"

"न्हेतो," एवढंच तो म्हणाला.

खरं उत्तर त्याने पोरीला दिलं नाही, बायकोलाही दिलं नाही, कारण ते सांगायची त्याला लाज वाटत होती. त्याला दगडाबाईला त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवायचं होतं. आपल्या स्वतःच्या गाडीत, आपल्या दारात. इतकंच. प्रांजलने आनंदाने गाडी त्याच्या नावावर करून दिली.

आता न्यायची कशी? गाडी सांगलीत आणि घर सातारा जिल्ह्याच्या पार पूर्वेला, मायणीच्या पुढच्या धनगरवाडीत. बंद गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवाल्याने जे भाडं सांगितलं तेवढ्यात दोघांना चारधाम करून येता आलं असतं. एका दोस्ताने सुचवलं, "ट्रॅक्टरला दोर बांधू, पहाटं पहाटं आडवाटंनं काढू." धोंडीबाने त्याला दाराबाहेरच काढलं. आरटीओच्या खिडकीवर त्याने विचारून ठेवलं होतं. गाडीच्या नोंदणीची मुदत संपली होती, त्यामुळे तिची चाकं रस्त्याला लागता कामा नयेत. ट्रकवर चढवली तर मात्र ती नुसता माल, बाकीच्या मालासारखी. सगळ्या नोकरीत ज्याच्या नावावर दंडाची एक पावती फाटली नाही, तो म्हातारपणी दोर बांधून चोरासारखा जाणार होय?

मग वाडीतला केरबा आठवला. तो माणदेशातला कांदा घेऊन सांगलीला यायचा आणि जाताना बऱ्याचदा रिकामाच जायचा. "मामा, मी तसाबी मोकळाच चाललोय," तो म्हणाला. "डिझेलला हातभार लावा, झालं." दवाखान्याच्या आवाराचं मागचं फाटक मार्केट यार्डातच उघडायचं. रस्त्याला न लागता गाडी नुसती ढकलत नेली, आणि अडचण संपली असं सगळ्यांना वाटलं.

फियाटच्या चाकांना लाकडी ओंडके लावले, चारही बाजूंनी दोर आवळले. केरबाने इंजिनाला सेल मारला, तोवर दगडाबाई ट्रकच्या मागच्या बाजूला जाऊन उभी.

"मी हितंच बसते की, गाडीत. केबिनमदी गरम हुतंय."

धोंडीबाने दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. जे त्याला इतकी वर्षं हवं होतं ते ती आपल्या तोंडाने मागत होती, आणि तो म्हणाला, "न्हाई. मालात मानूस बसवायचा न्हाई. कायदा हाय."

"तुमचा कायदा माज्याच आडवा येतोय कायम," असं म्हणून ती पदर खोचून केबिनमध्ये चढली.

तासगाव गेलं. द्राक्षाच्या बागा मागे पडल्या. विट्याच्या अलीकडे एका पोलीस हवालदाराने शिट्टी मारली. केरबाने ट्रक बाजूला घेतला. धोंडीबा खाली उतरला, तो फाइल काखेत मारूनच. गाडी नावावर झाल्याचे कागद, ट्रकचे कागद, सगळं त्याने सुपारी द्यावी तसं एकेक करून हवालदाराच्या हातात ठेवलं. इतक्या वर्षांत कुणी पोलिसाने त्याच्याकडे कागद मागितले नव्हते, आणि आज मागितले तर दाखवायला सगळे होते. त्याचा चेहरा फुलून आला होता.

हवालदाराने चाकावर पाय देऊन आत डोकावलं. पिवळे पंजे बघून विचारलं, "लग्नाची गाडी का काय ही?"

"व्हय," केबिनमधून दगडाबाई म्हणाली. "माज्या सवतीचं लगीन हाय."

"गाडीत आत कुणी बसलेलं नाही ना?"

"आवो साहेब, बसू द्या म्हनून मी सांगलीपास्नं बोंबलतीया! ह्ये म्हनत्यात कायदा हाय. तुमीच सांगा आता ह्यांना."

हवालदार खो-खो हसला. "मावशी, कायदाच आहे. मामांचं बरोबर आहे."

"घ्या! दोगं एकाच माळंचं मनी," दगडाबाई म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. हवालदाराने कागद परत दिले आणि जाताना फियाटच्या पत्र्यावर हलकी थाप मारली. "आमच्या वडलांना लई हौस होती हिची," असं काहीसं तो पुटपुटला.

ऊन कलायला लागलं तेव्हा ट्रक वाडीच्या रस्त्याला आला. वाडीच्या तोंडाशी मातीचा एक उंचवटा आहे. दिवाळीनंतर मेंढरं ट्रकात भरून कोकणाकडे न्यायची, म्हणून जुन्या माणसांनी तो घातला. रस्त्याच्या अंगाला ट्रकइतका उंच आणि वाडीच्या अंगाला उतरता. तो उतार संपतो तिथेच धोंडीबाचं अंगण. केरबाने ट्रक मागे घेऊन उंचवट्याला चिकटवला, फाळका पाडला. सगळी वाडी जमली होती. केरबाने आत बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मामा, तोंड आत हाय की वो हिचं!"

धोंडीबा बघत राहिला. नाकाने आत गेलेली गाडी शेपटानेच बाहेर येणार, हे सांगलीत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मेंढरं आपसूक वळत्यात," केरबा म्हणाला. "ही कशी वळंल?"

"न्हाई वळली तर न्हाई," धोंडीबा म्हणाला. "मी रिव्हर्सचाच मानूस हाय." आणि वाडी हसून लोटपोट झाली.

फियाटच्या पुढच्या बाजूला जाड दोर बांधला. शेजारचा बिरदेव आणि वाडीतले बाकीचे तगडे गडी ट्रकच्या तळावर पाय रोवून तो धरून उभे राहिले. हँडब्रेक धरत होता, तरी भरवसा दोरावरच होता. ओंडके काढले, गाडी हळूच मागे सरकवून उंचवट्यावर घेतली आणि धोंडीबा स्टिअरिंगवर बसला. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा.

"ए, उतर खाली."

"हा रस्ता कुनाचा हाय?" मागून दगडाबाईने विचारलं.

"रस्ता कसला? आपलंच रान हाय ह्ये."

"मग हितं तुमचा कायदा न्हाई. चला."

या हरण्याचा धोंडीबाला आनंदच झाला. त्याने हँडब्रेक सोडला.

गाडी मागे जायची तर मागेच बघावं लागतं. त्याने डावा हात सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली, आणि समोर दगडाबाईचा चेहरा आला. हाताच्या अंतरावर. सगळं आयुष्य त्याने मागच्या सीटवरच्या माणसाला छोट्या आरशातून बघितलं होतं. आज पहिल्यांदा तो वळून बघत होता. ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं की खिडकीतलं ऊन, हे त्याला नीट कळलं नाही. मागची काच, अंगण, लिंबाचं झाड, हे सगळं तिच्या खांद्यावरून दिसत होतं. चालत नाही असं जिला सगळे म्हणत होते ती गाडी चालत होती. इंजिनचा आवाज नाही, नुसता मातीवर चाकांचा आणि वर गड्यांचा. "सोडा, सोडा... बास... आनी थोडं."

"लय हळू चालवताय," दगडाबाई म्हणाली.

"डॉक्टरसाहेबबी ह्येच म्हनायचं."

लिंबाखाली गाडी थांबली. बायकांनी टाळ्या पिटल्या, केरबाने ट्रकचा हॉर्न वाजवला. धोंडीबा खाली उतरला. टोपी सारखी केली, तळवा पँटला पुसला, गाडीला वळसा घालून मागे गेला आणि डॉक्टरांसाठी उघडायचा तसं पूर्ण दार उघडून, बाजूला सरकून ताठ उभा राहिला.

"उतरा," तो म्हणाला. बायकोला तो कधी अहो-जाहो बोलला नव्हता.

दगडाबाईने सीटच्या रेक्झिनवरून हात फिरवला. पाठ मागे टेकली.

"थांबा वो जरा. आत्ता तर बसलीया."

वर गडी दोर गुंडाळत होते. बायका चहाचं बघायला आत गेल्या. धोंडीबा दार धरून उभा राहिला. वाट बघायची त्याला सवय होती.