कॉम्प्युटर महाराजांचा पंखा

त्र्याहत्तर सालच्या त्या दिवशी काष्टीच्या बाजारात बैलांकडे कुणी बघत नव्हते. सगळा बाजार एका व्यापाऱ्याच्या ओसरीपुढे लोटला होता. ओसरीवर ‘कॉम्प्युटर महाराज’ डोळे मिटून बसले होते आणि पुढ्यात पत्र्याचा डबा लुकलुकत होता.

“अमेरिकेत असलं यंत्र घरातले दिवे-पंखे चालवतं!” महाराज गरजले. “मी त्यात प्राण फुंकलाय. दिवा लागला तर होय, पंखा फिरला तर नाही!”

कुणी हात न लावता छताचा पंखा फिरे, दिवा लागे आणि चांगली शहाणीसुरती माणसे डब्यापुढे नाक घासत. महाराजांनी अमेरिका नकाशातही पाहिली नसावी. मला हसू आले असते, पण पुढे कडूबाई उभी होती. तिची लेक लंका क्षयाने खंगलेली. सरकारी दवाखान्यातल्या सुयांनी आता कुठे तिला अन्न गोड लागू लागले होते.

“म्हाराज, पोरीच्या सुया चालू ठिवू का?”

“सांगा यंत्रराज! सुया, की माझा अंगारा?”

पंखा गरगरला.

“नाही म्हणतंय! सुया बंद. अंगारा ने आणि हातातल्या पाटल्या इथं ठेव.”

कडूबाई खरेच पाटल्या उतरवू लागली. तेवढ्यात दवाखान्याची नर्स शमशाद ओसरीवर चढली.

“थांबा मावशी. महाराज, सुया मीच देते. माझ्यासमोर एकदा विचारा.”

महाराजांनी पुन्हा डोळे मिटले. शमशादने डब्याचा प्लग भिंतीतून हळूच उपसला. डबा विझला. महाराजांना त्याचा पत्ताच नाही!

“सांगा यंत्रराज! सुया, की माझा अंगारा?”

पंखा झोकात फिरू लागला. शमशादने प्लग सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“आरं, डबा तर बंद हाय!” मोटारी दुरुस्त करणारा चांदभाई ओरडला. “मंग पंखा कोन फिरवतंय?”

त्याने आतल्या खोलीचे दार ढकलले. पोत्यावर महाराजांचा चेला बसला होता, हात भिंतीवरच्या बटणांवर.

“त्यांनी ‘अंगारा’ म्हणलं की पंखा लावायचा,” तो चाचरला, “‘प्रसाद’ म्हणलं की दिवा.”

महाराजांचे डोळे आता चांगलेच उघडले होते, पण पळायला वाट नव्हती. कडूबाईने पाटल्या पुन्हा हातात चढवल्या.

“बाई, उद्याची सुई कवा?”

“सकाळी आठला. लंकाला काहीतरी खाऊ घालून आणा.”

कॉम्प्युटर उद्या आपल्याकडेही येईल, येऊ द्या. पण त्या दिवशी एका पोरीचा जीव पोत्यावरच्या चेल्याच्या बोटावर टांगला होता आणि आपण सारे हात जोडून उभे होतो. पुढच्या वेळी नमस्काराआधी निदान भिंतीपलीकडे डोकावून बघा.