पाव वळसा

मित्रांनो, शाळा सुटली की जिच्या नळीवर तुम्ही पाय सोडून बसता आणि तोंडाने ‘धडाम्’ म्हणता, ती जुनी तोफ मी. बसा हो, खुशाल बसा. तुमचा भार तो काय! पण खरा धडाम् कसा असतो हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवे. ऐकताना अंगावर काटा येईल, तरी ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पोलाद वितळवून मला घडवले आणि माझ्या नळीत आतून पिळाचे आटे पाडले. त्या आट्यांमुळे गोळा गरगर फिरत जातो आणि नेमका पडतो. माझ्यावर शेवटचा हात फिरवणारी कारागीर बाई पोटुशी होती. मला पुसता पुसता ती पुटपुटली, “कुणाच्या लेकरावर जाऊ नकोस गं बाई.” मला वाटले, ती मला आशीर्वाद देते आहे. ती माझ्याकडे काही मागत होती, हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

पहिल्याच लढाईत मी एक पूल पाडला. त्यावर माणसे होती. साहेबांनी माझ्या चाकावर थाप मारली, शिपायांनी मला कौतुकाने फुगवून ठेवले. माझे गोळे टेकडीआड पडत. ते कुणावर पडले हे तोफेला दिसत नाही, आणि न पाहिलेल्या कामाचा अभिमान फार लवकर चढतो.

मग सैन्य पुढे सरकले आणि मला त्याच टेकडीपलीकडच्या गावातून ओढत नेले. एका घराचे दार चौकटीसकट उभे होते, मागे घरच नव्हते. गल्लीत एक घोडा गाडीला जुंपलेलाच पडला होता, त्याच्या पोटातून वाफ निघत होती. एका स्वयंपाकघराची भिंत मी उघडी पाडली होती. आत परातीत मळलेले पीठ होते आणि त्या पिठात दोन हात होते. बाकीचे मला सांगवत नाही. माझ्यात गोळा भरणारा दांडगा गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणत, माझ्या चाकामागे जाऊन ओकला. त्या दिवसापासून कुणी माझे कौतुक केले की माझ्या पोटात गोळा येई. हसू नका, खरेच येई.

माझा नेम धरायचा एक शांत माणूस. सगळे त्याला दादा म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊ त्याच पलटणीत पायदळात होता आणि त्याच्या ‘दादा, दादा’चा जप दिवसभर कानी पडे. आई गेल्यावर दादानेच त्याला वाढवले होते. युद्धाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला एका खिंडीच्या तोंडाशी नेमले. पुढे धाकट्याचा खंदक, त्यापुढे उतार, आणि उतारापलीकडे शत्रू. मागे मी एकटी. माझा प्रत्येक गोळा धाकट्याच्या डोक्यावरून जायचा. दादाला त्याचेच समाधान होते. म्हणे, माझ्या हाताखाली आहे तोवर त्याला काही होत नाही.

एकदा धाकटा पाणी न्यायला खाली आला. येताच माझ्या नळीला कोपराने ढोसून म्हणाला, “दादा, हिला सांग की जरा! काल गोळा असा गेला की माझी टोपीच उडाली.”

“टोपीच ना? डोकं आहे ना जागेवर? मग झालं.”

“डोकं होतं कधी?” पैलवान म्हणाला.

सगळे हसले. दादाही हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हते. धाकटा गेल्यावर त्याने माझ्या नळीत हात घातला. माझे आटे झिजले होते. बोटांना जिथे कंगोरे लागायचे तिथे गुळगुळीत लागले. झिजलेल्या नळीचा गोळा अलीकडे पडतो, मित्रांनो. किती अंतराला नळी किती उचलायची याचा एक तक्ता असतो, तो म्हणतो तेवढे गोळा जात नाही.

दादाने काय करावे? खरे सांगितले असते, तर मला मागे कारखान्यात पाठवले असते. नवी नळी यायला महिना गेला असता आणि तोवर धाकट्याच्या पाठीशी तोफच नसती. त्याने एक तोड काढली. तक्त्याप्रमाणे नळी उचलून झाली, की तो नळी वरखाली करायच्या चाकाला गुपचूप आणखी पाव वळसा देई. गोळा पुन्हा शत्रूवर पडू लागला. त्याच्या कोपराखाली काय चालते ते कुणाला दिसले नाही.

तपासणीला मिस्त्री आला. त्याच्याकडे नळी मापायचा पोलादी गज होता. ढिला गेला, की तोफ बाद. दादाने आधीच माझ्या नळीत दाट ग्रीस थापून ठेवले होते. त्यात गज घट्ट बसला.

“एवढं ग्रीस?” मिस्त्रीने विचारले.

“म्हातारीचं अंग आहे, मिस्त्री. तेल चोळावं लागतं.”

“चोळा, चोळा. माझ्या सासूलाही एवढं कुणी चोळत नाही.” त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “ठणठणीत आहे!”

मी ठणठणीत नव्हते. पण लोखंडाला जीभ नसते.

मग ती पहाट आली. शत्रूने आधी आमच्यावरच गोळे टाकले. पहिल्या गोळ्याने दारूगोळा वाहणारे दोघे उडाले. एकाचा बूट माझ्या चाकापाशी पडला, पायासकट. दुसऱ्या गोळ्याची कपची दादाच्या डाव्या दंडात घुसली आणि तो वाळूच्या पोत्यांवर आदळून निपचित पडला. इतक्यात पुढच्या खंदकातून टेलिफोनवर साहेब ओरडले, “उतारावरून चढतायत! खंदकाच्या तोंडाशी आलेत! मारा!”

पैलवान नेमावर बसला. त्याने तक्ता पाहिला, नळी उचलली, मापाचा काटा अगदी रेघेवर आणला. बिचाऱ्याने तसूभर चूक केली नाही. त्याने दोरी ओढली. मी गरजले. पुन्हा भरले, पुन्हा गरजले. नळी इतकी तापली की वरचा रंग फोडासारखा फुगून फुटला. प्रत्येक गोळा पोटातून सुटताना मला कळत होते की हा तिथवर पोचणार नाही.

टेलिफोन किंचाळला, “अलीकडे! अलीकडे पडतायत! आमच्यावर पड...” आणि तार तुटली.

पैलवानाने तक्ता पुन्हा पाहिला. काटा रेघेवरच होता. “आपले नाहीत ते. त्यांचेच असणार,” तो म्हणाला आणि त्याने आणखी एक गोळा भरला.

त्या आवाजाने दादा शुद्धीवर आला. त्याचे लक्ष आधी चाकाकडे गेले, मग हाताकडे. डावा हात कातड्यावर लोंबत होता. तो पोटावर सरपटत आला, त्याने पैलवानाला खांद्याने ढकलले आणि उजव्या हाताने चाक फिरवले.

“दादा, काय करताय? तक्ता बरोबर आहे!”

“पाव वळसा! हिला पाव वळसा जास्त लागतो!”

“कधीपासून?”

दादाने गोळा भरायची खूण केली. त्यानेच दोरी ओढली. आता गोळे उतारावर पडू लागले. चढून आलेली माणसे मातीबरोबर वर उडत होती आणि तुकड्यांनी खाली येत होती. ऊन वर येईपर्यंत हल्ला मोडला. जिंकलो म्हणतात ते हे.

मग खंदकातून स्ट्रेचर येऊ लागले. तिसऱ्यावर धाकटा होता. कमरेखाली घोंगडे होते आणि ते घोंगडे सपाट होते. दादाने स्ट्रेचर थांबवले.

“दादा,” धाकटा म्हणाला, “आज त्यांचा नेम फार चांगला होता रे.”

दादाला गप्प बसता आले असते. देवाने त्याला तेवढी सवड दिली होती. पण तो गुडघ्यावर बसला.

“त्यांचा नव्हता, बाळा. आपलाच होता. म्हातारी झिजलीय. मला ठाऊक होतं.”

धाकट्याने मान त्याच्याकडे वळवली. “मग सांगायचंस ना कुणाला तरी,” तो म्हणाला. रागाने नाही, लहान मूल विचारते तसे. थोड्या वेळाने त्याची नजर तिथेच राहिली. डोळे दादानेच मिटवले.

पैलवान माझ्या पायाशी बसून राहिला होता. हात मातीवर घासत होता, पुन्हा पुन्हा घासत होता. “माझ्या शेजारी बसून जेवत होता तुम्ही,” तो म्हणाला. “मला एका शब्दानं सांगितलं असतं तर. आता हे माझ्या हातून झालं ना, दादा?”

संध्याकाळी, हात कापून झाल्यावर, दादाने मिस्त्रीला बोलावले आणि माझी नळी कोरडी पुसून घेतली. गज घंटेतल्या लोलकासारखा आत खडखडला. मिस्त्रीने खडूने माझ्यावर फुली मारली.

पुढे युद्ध संपले आणि मला या चौकात आणून चौथऱ्यावर बसवले. ऊन, वारा, कबुतरे, सगळे अंगावर घेते. दरवर्षी रंगारी येतात आणि हिरवा रंग चोपडतात, की पुन्हा मी ठणठणीत. मधून मधून नवी, लांब पल्ल्याची यंत्रे इथून गाड्यांवर लादून जातात. तुम्ही त्यांना टाळ्या वाजवता. त्यांनाही कुणीतरी पुसून पाठवले असेल.

मित्रांनो, माझ्यासारख्या इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. मला रंगवू नका. मला गंजू द्या. माझी गरज पडेल असे भांडण मोठेपणी करू नका. आणि हात जोडून एवढेच सांगते, की ज्याच्या हाताखाली दुसऱ्याचा जीव आहे, त्याने झीज झाकू नये. मायेपोटी तर मुळीच झाकू नये. माया होती म्हणूनच दादाचा हात चाकावर गेला, आणि माया होती म्हणूनच तोंड मिटले. चाकावरच्या हाताने भाऊ इतके दिवस जगवला. मिटलेल्या तोंडाने तो एका सकाळीत मारला.