आपलं काई नाई

पुलगावात हिरालालशेठना ओळखत नाही असं घर शोधूनही सापडायचं नाही. लष्कराच्या डेपोतल्या बाबूची मुलगी असो की खेड्यावरच्या मजुराची, लग्नाची परात, घागर, डबे त्यांच्याच दुकानातून जायचे. संध्याकाळी ते दुकानापुढे खुर्ची टाकून बसले की येणारा-जाणारा हात वर करायचा, "काय शेठ, बरं ना?" आणि शेठ म्हणायचे, "आपलं काय, बरंच." अशा माणसाला एकटं वाटतं असं कुणी म्हटलं असतं, तर गाव हसलं असतं. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, आणि खरी भानगड तीच होती.

त्यांच्या मुलाने, भूपेंद्रने, नागपुरात दुकान घेतलं होतं. साध्या भांड्यांचं नव्हे, अख्खी स्वयंपाकघरं बसवून देण्याचं, ज्याला शोरूम म्हणतात तसलं. शाळा उघडायच्या आत बायको रक्षा आणि मुलगी मोहिनी यांना घेऊन तो तिकडे राहायला जाणार होता. दिवाळीतच त्याने वडिलांना विचारलं होतं, "बाबा, तुमचं काय?" हिरालालशेठ ताटावरून मान वर न करता म्हणाले, "आपलं काई नाई. तुमी जा." झालं, विषय मिटला. पोरगा बिचारा कामाला लागला.

आणि शेठना तर त्यांच्यासोबत जायचं होतं! त्यांची बायको कमला मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून त्या घरात एकट्याने राहायचा नुसता विचारही त्यांना सोसत नव्हता. मला घेऊन चल, एवढंच म्हणायचं होतं. पण ते काही जिभेवर येईना, आणि जून जवळ येत चालला.

तोंड गप्प होतं, पण छाती गप्प बसेना. दुपारी जेवण झालं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, की धडधड सुरू व्हायची. तळहातांना घाम फुटायचा, आता आपण जातो असं वाटायचं. सेवाग्रामच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, तुम्ही खालच्या मजल्यावर मॅडमकडे काउन्सेलिंगला जा.

काउन्सेलिंग म्हटल्यावर शेठना भूपेंद्रची पॉलिटेक्निकची अ‍ॅडमिशन आठवली. तेव्हाही काउन्सेलिंगलाच नागपूरला गेले होते, दिवसभर रांगेत उभे राहून सीट मिळवली होती. या वयात आपल्याला कसली सीट देतात, असं त्यांनी रक्षाला विचारलंसुद्धा. रक्षा हसली नाही. तिने मोबाइलवरून वेळ घेऊन ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तिथं फकस्त बोलाचं असते." शेठच्या छातीत तिथल्या तिथे धडधडलं.

मॅडमचं नाव पौर्णिमा गजभिये. वय असेल तिशीच्या आसपास. खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी, कूलरचा आवाज. ना स्टेथोस्कोप, ना सुई. शेठनी बसल्या बसल्या रीतीप्रमाणे गाव विचारलं. अल्लीपूर, ती म्हणाली. मग अल्लीपुरात कोणाची, वडील काय करतात, कोणत्या बाजूला घर, अशी चौकशी सुरू झाली. तिनेही दोन-तीन उत्तरं दिली आणि मग हसत म्हणाली, काका, आज तुमची पाळी आहे.

तिने आधी सगळं समजावून सांगितलं. इथलं बोलणं या खोलीतच राहील. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तरच ते बाहेर सांगावं लागेल, आणि तेही तुम्हाला कळवून. गोळ्या मी देत नाही. एका भेटीत सगळं मोकळं होईल असंही नाही, आठवड्यातून एकदा यावं लागेल, मधल्या दिवसांत घरी थोडा सराव करावा लागेल. नको वाटलं तर थांबा म्हणायचं, उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणायचं. शेठ मान डोलवत होते. ते मनात वाट पाहत होते ती उपदेशाची. गेल्या वर्षभरात प्रत्येकाने दिला होता, कुणी तीर्थाला जा म्हणे, कुणी नातीत मन रमव म्हणे. ही मात्र विचारत होती, झोप लागते का, जेवण जातं का, धडधड नेमकी कधी होते, जगणं नकोसं वाटतं का. शेवटचा प्रश्न तिने इतक्या सरळ विचारला की शेठनीही सरळ उत्तर दिलं. मरावं असं नाही वाटत, पण सकाळी उठायचं कारण सापडत नाही. हे ते आयुष्यात पहिल्यांदाच कुणाजवळ बोलले.

मग त्यांची गाडी सुरू झाली. माणसाले झोप येत नाई. आपल्याले काई आता हौस राह्यली नाई. घरात बाई नसली का घर खाले धावते. बराच वेळ बोलले. ती ऐकत होती, मध्ये तोंड घालत नव्हती. ते थांबल्यावर ती त्यांच्याच बोलीत म्हणाली, "काका, एक गोष्ट सांगू का? तुमी इतकं बोलले, पण 'मले' एकदाही नाई म्हणले."

शेठना काही कळलं नाही.

"माणसाले म्हणले, आपल्याले म्हणले. झोप कोणाले येत नाई?"

"आपल्याले," शेठ म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली.

त्या दिवशी तिने त्यांना श्वास शिकवला. शेठना ते पोरखेळ वाटलं. पाय जमिनीवर टेकवायचे, टाचा फरशीला लागल्यात हे जाणवू द्यायचं, श्वास नाकाने घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा. धडधड पळवून लावायची नाही, ती असेपर्यंत बसून राहायचं. आणि घरचा अभ्यास म्हणून रोज एक वाक्य, 'मले'ने सुरू होणारं, कुणालाही म्हणायचं.

परतीच्या बसमध्ये शेठना हसू आलं. एवढ्यासाठी सेवाग्रामपर्यंत यायचं? पण दुसऱ्या दिवशी दुपारी धडधड सुरू झाली, तेव्हा शटर अर्धं टाकलेल्या दुकानात, चपला काढून, ते फरशीवर टाचा टेकवून बसले. धडधड राहिली, मग ओसरली. आपण काही मेलो नाही याचं त्यांना जरा नवल वाटलं.

वाक्याचं मात्र अवघड निघालं. पहिले काही दिवस त्यांनी चहावाल्यावर भागवलं, मले कट चहा दे, मले साखर कमी. पुढच्या भेटीत हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं. पौर्णिमा म्हणाली, हेही चालतं, सुरुवात अशीच होते. मग एका सकाळी रक्षा वांग्याची भाजी वाढत होती आणि शेठ म्हणाले, "मले वांगं नाई आवडत." रक्षाच्या हातातली पळी तशीच राहिली. वर्षभर ती सासऱ्यांना आवडतात असं समजून आठवड्यातून तीनदा वांगी करत होती, आणि ते मुकाट्याने खात होते. "मंग सांगतलं काऊन नाई, बाबा?" ती म्हणाली. तिला रागही आला होता आणि हसूही येत होतं. शेवटी ती समोर बसली आणि अजून काय काय नको ते विचारून घेतलं. शेठना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत कमलाचा विषय निघाला. शेठ सांगत होते की वांगं नको हे एकट्या कमलाला माहीत होतं, ती ते त्यांच्या ताटात वाढायचीच नाही. त्यांना थंडी वाजते, त्यांना ते पाहुणे आवडत नाहीत, त्यांना आज दुकानात जायचं नाही, हे सगळं घरादाराला कमलाच सांगायची. 'तुमच्या बाबाले ते जमणार नाई' हे वाक्य भूपेंद्रने लहानपणापासून आईच्याच तोंडून ऐकलेलं. शेठना काही म्हणावंच लागलं नव्हतं.

"म्हणजे तुमचं 'मले' काकू म्हणत होत्या," पौर्णिमा म्हणाली.

शेठनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडावर धरून ठेवला. तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. रडू नका असं म्हणाली नाही. कमला गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली होती, पण शेजारी बसून कुणी असं रडू दिलं नव्हतं. कमला गेली आणि आपण मुके झालो, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते फार वाईट होतं.

मे महिना लागला. घरात खोकी भरली जाऊ लागली. शेठनी पौर्णिमाला अखेर सांगून टाकलं की जायचं आहे, पण म्हणता येत नाही. मग दोघांनी तालीम केली. ती झाली भूपेंद्र. शेठनी वर्णन केलं होतं तशी खुर्ची तिरकी करून, हातातल्या मोबाइलकडे पाहत, "हं बाबा, बोला, लवकर बोला," असं ती इतकं हुबेहूब म्हणाली की शेठ मोठ्याने हसले. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, "आपल्याले काई इथं करमणार नाई बावा." तिने मान हलवली. पुन्हा. "म्हाताऱ्या माणसाचं असंच असते." पुन्हा. शेवटी जमलं. मग ती मोबाइल खाली ठेवून म्हणाली, काका, वाक्य तुमचं आहे, उत्तर त्याचं. तो नाही म्हणाला तर काय कराल?

याचा शेठनी विचारच केला नव्हता. तो नाही कशाला म्हणेल, पोटचा पोरगा आहे, असं ते म्हणाले. ती म्हणाली, असेलच तसं, पण तयारी दोन्हीची असावी. 'नाही' असं उत्तर आलं तर टाचा जमिनीवर, श्वास सावकाश, आणि जे वाटेल ते पुन्हा एकदा 'मले'ने.

रविवारी दुपारी भूपेंद्र कूलरसमोर खोक्यांवर टेप मारत होता. रक्षा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. शेठ येऊन पलंगावर बसले. टेप मारायचा थांब म्हणाले. तो थांबला, कारण बाबा असं कधी म्हणत नसत.

"भूपेंद्र, मले इथं एकटं राहाचं नाई. मले तुमच्यासंगं याचं हाये."

इतकंच वाक्य, पण ते म्हणून झाल्यावर शेठना धाप लागली. भूपेंद्र हातातल्या टेपचं टोक नखाने शोधत राहिला. मग म्हणाला, "पाहू ना बाबा. आपलं अजून काई पक्कं नाई."

आपलं. शेठनी तो शब्द ऐकला आणि त्यांना पोराची दया आली. हे याने दुसऱ्या कुणाकडून उचललेलं नव्हतं.

"आपलं नको सांगू," ते म्हणाले. "तुले काय वाटते, ते सांग."

भूपेंद्रने टेपचं सापडलेलं टोक पुन्हा चिकटवून टाकलं. आत रक्षाच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

"मले एकट्यानं करून पाहाचं हाये, बाबा," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "तुमी दुकानात असले का गिऱ्हाईक माझ्याकडं पाहतच नाई. केस पांढरे होऊन राह्यले, तरी मी शेठचं पोट्टंच हाये. तिथं तुमी आले, तर तिथंबी तेच होईन. दिवाळीत तुमी जा म्हणले, तवा मले बरं वाटलंतं. मी दुसऱ्यांदा मुद्दाम नाई विचारलं."

शेठच्या छातीत धडधड सुरू झाली. 'आपलं काई नाई, तुमी जा' हे वाक्य जिभेच्या टोकावर तयारच होतं. ते म्हटलं असतं तर पोरगा सुटला असता, टेप पुन्हा सुरू झाला असता, चहा आला असता. शेठनी चपला काढल्या. टाचा फरशीवर टेकवल्या. श्वास घेतला आणि सावकाश सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. भूपेंद्र घाबरून पाहत होता, त्याला वाटलं बाबांना काही होतंय.

"मले लय वाईट वाटलं," शेठ म्हणाले.

भूपेंद्रने टेप खाली ठेवला. उठून जाईल असं शेठना वाटलं, पण तो उठला नाही. तिथेच फरशीवर, खोक्याला पाठ टेकवून बसला आणि डोळे पुसू लागला.

"मलेबी," तो म्हणाला.

 रक्षा दारात येऊन उभी राहिली आणि तशीच आत गेली. जूनपासून हिरालालशेठ या घरात एकटेच राहणार होते, आणि आता ते दोघांनाही माहीत होतं.