गप्प बसणार नाही

गुरुजींनी चाळीस वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवली, सांगायचं ते सरळ सांगा. "मी येणार नाही असं नाही," असं कुणी लिहिलं की ते फळ्यावर दोन्ही नकार काढायचे, दोन्हींवर काट मारायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "उरलं काय?" वर्ग छपराला भिडेल असा ओरडायचा, "मी येणार!" गुरुजी हातावरचा खडू झटकायचे. जगातले निम्मे घोटाळे या एका काटेनं मिटतील, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

पुढे शाळा सुटली, काट सुटली नाही. निवृत्तीनंतर परराष्ट्र खात्याच्या प्रसिद्धी कक्षात भाषा तपासनीस म्हणून त्यांची नेमणूक झाली. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडकीपाशी त्यांचं टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली जुन्या निवेदनांची घडी सरकवलेली. समोर टायपिस्टबाई. मसुदा आधी गुरुजींकडे यायचा, मग बाईंकडे, मग मंत्र्यांच्या सहीला. गुरुजींची लाल शाई लागलेला कागद त्यानंतर कुणीही वाचत नसे. "गुरुजींच्या नजरेखालून गेलंय ना? मग झालं," असं सगळे म्हणायचे. गुरुजींना हा आपला गौरव वाटायचा. तो धोका आहे, हे त्यांच्या लक्षात यायला एक सरकार जवळजवळ पडावं लागलं.

झालं असं, की दूरच्या एका देशाच्या हुकूमशहानं आपल्याच एका गावावर विषारी वायू सोडला. तिथल्या दवाखान्याच्या अंगणात ओळीनं झोपवलेली माणसं टीव्हीवर दिसली. कुणाच्याच अंगावर जखम नव्हती. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला निवेदनाचा मसुदा गुरुजींच्या टेबलावर आला. शेवटचं वाक्य होतं, "पुन्हा असा वायू सोडला गेला, तर आमचे सरकार गप्प बसणार नाही."

गुरुजींचा हात थांबला. गप्प म्हणजे न बोलणं, हा झाला एक नकार. 'बसणार नाही' हा दुसरा. दोन्हींवर काट. उरलं काय?

"पुन्हा असा वायू सोडला गेला, तर आमचे सरकार बोलेल."

टायपिस्टबाईंनी कागद हातात घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं. "गुरुजी, हे असंच ठेवायचं ना?"

"का? खटकलं काही?"

"नाही, म्हणजे... खोडलेल्या वाक्यात जरा दम होता."

"दम म्हणजे काय, बाई? दम व्याकरणात कुठे बसतो?" आणि गुरुजींनी त्यांना नकारांवर पंधरा मिनिटांचं व्याख्यान दिलं, उदाहरणांसकट. बाई "बरं" म्हणाल्या. अठरा वर्षं कारकुनांचं आणि साहेबांचं ऐकून त्यांचं ते 'बरं' अगदी गुळगुळीत झालं होतं. त्यांनी टाइप केलं आणि नियमाप्रमाणे लाल शाईचा कागद कापायच्या यंत्रात घातला.

मंत्र्यांनी ते वाक्य इतक्या जड आवाजात वाचलं की 'बोलेल'सुद्धा धमकीसारखं वाटलं. तीन आठवड्यांनी हुकूमशहानं शेजारच्या गावावर वायू सोडला. आणि सरकार बोललं.

विरोधी पक्षानं सभागृह डोक्यावर घेतलं. "विषाला उत्तर म्हणून गप्पा! तुमच्या त्या शब्दानंच त्याला मोकळं रान दिलं!" मंत्री म्हणाले, "आम्ही बोलू म्हणालो आणि बोललो. तुम्ही सत्तेत असताना एक तरी शब्द पाळलात का?" टाळ्या पडल्या. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी टाळ्यांऐवजी तो शब्दच छापला, बोटभर उंच अक्षरांत. तेव्हा मंत्र्यांना आठवलं, की मूळ मसुदा भलताच कडक होता. कुठेतरी, बहुधा टंकलेखनात, कुणीतरी ढिलाई केली. चौकशी समिती नेमली गेली. सगळ्या बाजूंनी विचार करून समितीचं बोट टायपिस्टबाईंकडे वळू लागलं, कारण त्यांच्या बाजूनं ओरडणारं कुणी नव्हतं.

गुरुजींना मात्र अजून आपलं काय चुकलं तेच नीट उमगत नव्हतं. वाक्याचा अर्थ तर तोच होता! त्यांनी घरी नऊ वर्षांच्या नातीपुढे वही ठेवली आणि दोन्ही वाक्यं लिहून दिली. "सांग बरं, फरक काय?"

नात पेन्सिल चावत म्हणाली, "आजोबा, आई जेव्हा म्हणते ना, 'आता मी गप्प बसणार नाही हं', तेव्हा ती बोलत नाही."

"मग काय करते?"

"धपाटा घालते."

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "घालू का एक, दाखवायला?" नात पळाली. गुरुजी वहीकडे बघत बसले. नऊ वर्षांच्या पोरीला पाठीवर कळतं, ते आपल्याला चाळीस वर्षांत डोक्यात कळलं नाही. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला बाकावर उभं केलं. त्या अंगणातली माणसं त्यांना पुन्हा दिसली. आपल्या शब्दानं त्या दुसऱ्या गावातलं कुणी मेलं का, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. कुणालाच सांगता येणार नाही, हेच त्यांना सोसवेना.

सकाळी ते न बोलावता समितीपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. लांब टेबलाच्या डाव्या बाजूला सरकारी सदस्य होते, उजव्या बाजूला विरोधी.

"म्हणजे हे सगळं व्याकरणामुळे झालं?" उजवीकडचा एक सदस्य म्हणाला. "गुरुजी, खरं सांगा, मंत्र्यांनी तुम्हाला पाठवलंय ना?"

"नाही हो. मी स्वतःच..."

"आजोबा," डावीकडून आवाज आला, "तुमचं वय बघता एवढं मनाला लावून घेऊ नका. चहा घेणार?"

गुरुजींच्या लक्षात आलं, की आपली चूक कुणालाच नको आहे. एका बाजूला मंत्री दोषी हवा होता, दुसऱ्या बाजूला मंत्री सोडून कुणीही चाललं असतं, पण मास्तर हा फारच फुटकळ गुन्हेगार होता. त्यांचा जबाब कुणी लिहूनही घेतला नाही. चहा मात्र आला.

पंधरा दिवसांनी समितीचा चाळीस पानी अहवाल तयार झाला. छपाईआधी भाषा तपासायला तो कुठे पाठवावा? खात्याचा रिवाज खात्याचा रिवाज असतो. तो गुरुजींच्या टेबलावर आला.

एकतिसाव्या पानावर वाक्य होतं, "टंकलेखन विभागाकडून हेळसांड झाली नाही, असे म्हणता येणार नाही." खाली शिफारस होती, संबंधित टंकलेखिकेस सेवेतून कमी करावे.

दोन नकार. सवयीनं गुरुजींचा पेन दोन्हींवर जाऊन टेकला. काट मारली असती तर उरलं असतं, हेळसांड झाली. आपल्याच काटेनं आपण समोरच्या बाईंचा गळा कापायला निघालो होतो, हे पाहून त्यांनी पेन झटकन उचलला. मग पहिल्यांदाच ते नकारांकडे नीट बघत बसले. त्या दोन नकारांच्या मध्ये सहा सदस्य दडून बसले होते. आरोप तर करायचा होता, पण आरोप केला असं कुणी म्हणू नये, एवढी जागा त्यांनी मध्ये ठेवली होती. हे वाक्य दुरुस्त करण्यासारखं नव्हतंच. गुरुजींनी ते शिफारशीसकट खोडलं आणि लिहिलं:

"मूळ वाक्यातील इशारा भाषा तपासनिसाने, म्हणजे मी, काढला. टंकलेखिकेने शंका विचारली होती. ती मी ऐकली नाही."

पहिल्या पानावर "दुर्दैवी घटनेत काही जीवितहानी" असं होतं. तिथे त्यांनी लिहिलं, "विषारी वायूने माणसे मारली गेली." शेवटी, चोरून काम केलं असं होऊ नये म्हणून, वर चिठ्ठी टाचली, "पान एक आणि एकतीस यांतील मजकूर बदलला आहे. कृपया वाचावे." खाली सही.

टायपिस्टबाई एकतिसाव्या पानाशी बराच वेळ थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"गुरुजी, तुमची नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पूर्णविराम बरोबर पडलेत ना, तेवढं बघा."

"पूर्णविराम आहेत हो. पण हे 'म्हणजे मी'... हे असंच ठेवायचं ना?"

"ठेवा. या वेळी कोण ते स्वच्छ कळू दे."

"बरं," बाई म्हणाल्या.

चिठ्ठी कुणी वाचली नाही. अहवालही कुणी वाचला नाही. गुरुजींच्या नजरेखालून गेलंय म्हटल्यावर सहा जणांनी सह्या केल्या आणि अहवाल छापून सभागृहात आला. समितीच्या अध्यक्षांनी तो मोठ्या आवाजात वाचायला घेतला. गुरुजी घरी नातीला शेजारी घेऊन टीव्हीपुढे बसले होते; कुठल्या दोन पानांवर काय बदललं ते त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

एकतिसाव्या पानावर अध्यक्ष तालात म्हणाले, "मूळ वाक्यातील इशारा भाषा तपासनिसाने, म्हणजे मी, काढला..." आणि अडखळले.

मग उजवीकडून आरोळी उठली, "अध्यक्षांनी कबुली दिली!" डावीकडून, "मी म्हणजे ते नाहीत!" "मग मी म्हणजे कोण?" "तुम्ही सांगा!" कागद उडाले. कामकाज दोन वेळा तहकूब झालं. संध्याकाळपर्यंत 'मी' म्हणजे नक्की कोण, यावर दोन्ही बाजूंनी दोन पत्रकं काढली होती.

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. लिहिणाऱ्याचा 'मी' वाचणाऱ्याच्या तोंडी गेला की वाचणाऱ्याचा होतो, हे त्यांनी पाचवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवलं होतं.

फोन वाजला. टायपिस्टबाई होत्या.

"गुरुजी, मला काढायची शिफारस रद्द झाली. आत्ताच साहेबांनी सांगितलं. तुमच्या जागी उद्यापासून दुसरं कुणी बघणार आहेत." मग म्हणाल्या, "पण मी विचारलं होतं हं, असंच ठेवायचं ना म्हणून."

"विचारलं होतंत, बाई," गुरुजी म्हणाले. "दोन्ही वेळा विचारलं होतंत."

त्यांनी फोन ठेवला. टीव्हीवर अजून 'मी' चालूच होता.

"आजोबा," नात म्हणाली, "ते पहिलं पान कधी वाचणार? माणसं मेली ते?"

"वाचलं की मघाशी. सगळ्यात आधी वाचलं."

"मग तेव्हा कुणीच का नाही ओरडलं?"

गुरुजी टीव्हीचा आवाज बंद करायला उठले.