शिवेवरून उचललेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसलात ना? हसा! दगडाला कसली आलीय कहाणी, असंच वाटलं असेल तुम्हाला. पण मी शिवेचा दगड आहे. माझ्या अलीकडे डोंगरातल्या माणसांची जमीन, पलीकडे दुसऱ्यांची. सध्या मात्र कोर्टात, पुराव्याच्या वस्तू ठेवायच्या खोलीत, एका मोडक्या पंख्याला टेकून पडलोय. गळ्यात चिठ्ठी, दाराला कुलूप. माझा गुन्हा काय, ते ऐका.

डोंगरातल्या माणसांकडे जमिनीचा कागद नव्हता. कधी लागलाच नव्हता. घरात बाळ जन्मलं की त्याला माझ्यापाशी आणायचे, त्याचा इवलासा तळवा माझ्या अंगावर टेकवायचे आणि सांगायचे, "बाळा, इथपर्यंत आपलं. पुढे पाय टाकशील तर विचारून टाक." इतके तळवे टेकले की माझी एक बाजू गुळगुळीत झाली आहे.

मग एक खाणवाली कंपनी आली आणि म्हणाली, ही जमीन कुणाचीच नाही. कायदा तसा चांगला होता. पिढ्यान्‌पिढ्या जे जमीन राखतात, त्यांचा हक्क मानावा असं त्यात लिहिलं होतं. पण हक्क सिद्ध करायला हवा ना! वकीलबाई वस्तीतल्या थोरल्या काकांना म्हणाल्या, "काका, पुरावा लागेल."

"आहे की! चांगला कमरेएवढा आहे," काका म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी आठ जणांनी मला खणून काढलं आणि ट्रॅक्टरमध्ये घालून थेट कोर्टात आणलं. मला पाहून वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काका, हा जागेवर होता तोवर पुरावा होता! आता याला शिवेचा दगड कोण म्हणणार?" काकांचं तोंड एवढंसं झालं.

व्हायचं तेच झालं. मोजणीवाले डोंगरावर गेले आणि लिहून आले, "जागेवर खूण आढळली नाही." काका मला परत न्यायला धावले, तर कारकून म्हणाला, "पुरावा म्हणून नोंद झालीय. निकाल लागेपर्यंत वस्तू हलणार नाही." वस्तू म्हणे! माझा इतका संताप झाला, पण दगडाने संतापून करायचं काय?

याला तीन वर्षं झाली. इथे ऊन नाही, वारा नाही, मातीचा वास नाही. जीव गुदमरतो. प्रत्येक तारखेला काका खिडकीशी येतात आणि गजांतून म्हणतात, "चुकलं रे माझं." परवा मात्र वेगळंच बोलले. "खड्डा बुजू दिला नाही बरं का! सून रोज जाते, पडलेली माती काढते. तुझ्या बुडाचा आकार जसाच्या तसा आहे. पुढच्या महिन्यात जजसाहेब स्वतः येणार आहेत, तुला तिथे बसवून बघणार आहेत. बसलास तर डोंगर वाचला."

मित्रांनो, मी बसेन की नाही, या विचाराने मला धडकी भरते. तुम्हाला एकच विनवणी आहे. उद्या तुम्ही साहेब व्हाल, वकील व्हाल. कुणाचा हक्क तपासायची वेळ आली, तर त्याला जागेवरून उपटून आणायला लावू नका. तुम्हीच त्याच्या दारी जा आणि बघा.

काकांची नात मी इथे आल्यावर जन्मली. तिचा तळवा टेकवायचा राहूनच गेलाय. एव्हाना तो बराच मोठा झाला असेल. होऊ दे. त्या गुळगुळीत बाजूवर तिची जागा मी राखून ठेवली आहे.