आरशातला हात

पीस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परत येणार हे कळलं तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने दुकानातल्या दोन गोष्टी हलवल्या. दाढीनंतर लावायच्या लोशनच्या बाटल्या फळीवरून काढून कुलपाच्या कपाटात ठेवल्या, आणि मागच्या खोलीतला झाडू आणून दाराशी उभा केला. बाटल्या का हलवल्या हे कोणालाही कळेल. पिणारा माणूस हाताला येईल ते पितो. झाडू का आणला ते पीसला दुकानात पाऊल टाकल्यावर कळलं.

"सध्या एवढंच कर," थोरला म्हणाला. "केस गोळा करायचे, टॉवेल धुवायचे, आरसे पुसायचे. वस्तऱ्याचं पुढचं पुढे बघू."

"बरं, दादा," पीस म्हणाला आणि वाकून झाडायला लागला. त्याच्या खुर्चीवर थोरल्याने जुनी मासिकं रचून ठेवली होती. ती उचल असंही तो म्हणाला नाही.

पीस हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. त्याचा हात इतका हलका की वस्तरा गळ्यावरून फिरायचा आणि माणूस खुर्चीत घोरायला लागायचा. पुढे तो प्यायला लागला, मग दिवसाढवळ्या मागच्या खोलीत आडवा व्हायला लागला. संसाराची त्याने पार धूळधाण केली, सासरी तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. पण वस्तऱ्याने कधी कोणाला ओरखडा काढला नव्हता, कारण प्यायल्यावर तो वस्तऱ्याला शिवायचाच नाही.

एकदाच शिवला, असं सगळे धरून चालले होते. पीससुद्धा.

झालं होतं ते असं. घड्याळं दुरुस्त करणारे काका दाढीला बसले होते. पीस मागच्या खोलीत पडद्याआड बाकावर पडला होता. वस्तरा थोरल्याच्या हातात होता. बरेच दिवस त्याचा उजवा हात मनाला येईल तेव्हा थरथरायचा. त्याने हे बायकोला सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरलाही नाही. न्हाव्याचा हात गेला की मागे काय उरतं? त्या दिवशी कानाखाली वळण घेताना हाताला हिसका बसला आणि काकांचा गाल पाळीपासून जबड्यापर्यंत उघडला. काका ओरडले. त्या आवाजाने पीस धडपडत बाहेर आला, टॉवेल ओढून घेतला आणि जखमेवर दाबून धरून उभा राहिला. शुद्धीतल्या माणसाला जे सुचलं नव्हतं ते त्याला सुचलं. शेजारचे दुकानदार धावत आले तेव्हा त्यांना दिसले ते पीसचे कोपरापर्यंत लाल झालेले हात आणि त्याच्या तोंडाचा भपकारा. थोरला बाजूला तुरटीचा खडा घेऊन उभा होता.

कोणी काही विचारलंच नाही. थोरल्याला त्या दिवशी खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही.

ती दुसऱ्या दिवशी पडली. पीसला काही आठवत नव्हतं.

"तू कापलंस," थोरला म्हणाला. "काका मरायचे राहिले."

पीस बराच वेळ आपल्या पंज्यांकडे बघत बसला. मग आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेला. बायकोच्या रडण्याने जे कधी झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं. थोरल्याने लगोलग काकांचं घर गाठलं. "तुम्ही बोलू नका, काका. या निमित्ताने सुटेल बिचारा." काकांच्या गालाला टाके होते, बोलायची सोयच नव्हती. त्यांनी मान हलवली.

दारू सुटली. त्यामुळे थोरल्याला झोप चांगली लागायची. आपल्या हातून पापच झालं असेल तर ते फळाला आलेलं पाप आहे, असा त्याने मनाशी हिशेब मिटवून टाकला.

केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी घरच्यांना बसवून सांगितलं होतं की दारू सोडवणं आमचं काम, सुटलेली टिकवणं तुमचं. माणूस घसरायच्या आधी कसा वागतो तेही त्यांनी समजावलं. "एकटा राहायला लागतो. जुन्या गोष्टी उकरतो. आणि स्वतःच्या चुका दुसऱ्यांवर ढकलायला लागतो. असं दिसलं की समजा, गाडी उताराला लागली. लगेच आम्हाला कळवा." थोरला हे कान देऊन ऐकत होता. त्याच्या बायकोने, थोरलीने, मात्र त्यातलं एकच उचललं: लक्ष ठेवा.

तिने असं लक्ष ठेवलं की बघत राहावं. रोज संध्याकाळी पीस दुकानातून आला की ती उंबऱ्यातच आडवी उभी राहायची.

"तोंड उघडा, भाऊजी."

पीस तोंड उघडायचा. ती नाक पुढे करून हुंगायची. शेजारपाजारचे बघत असतील तर जरा जास्त वेळ.

"आज कांदा खाल्लात वाटतं. कांदा कशावर खातात, माहीत आहे हो आम्हाला."

पीसची बायको आतून हे ऐकायची आणि कपडे धुवत राहायची. घरातले सगळ्यांचे कपडे तीच धुवायची. काकांचा गाल कापला त्या दिवशीचेही तिनेच धुतले होते. नवऱ्याच्या शर्टाच्या नुसत्या बाह्या भिजलेल्या होत्या. थोरल्याच्या शर्टावर मात्र छातीपासून पोटापर्यंत बारीक बारीक ठिपके उडालेले होते. वस्तरा धरलेल्या माणसाच्या अंगावर उडावेत तसे. तिने ते साबण लावून घासले, चांगले दोनदा घासले, आणि गप्प बसली. नवरा शुद्धीत घरी येत होता. तिला तेवढं पुरे होतं.

दुकानात गिऱ्हाइकांची करमणूक चालायची.

"पीस, झाडू तरी सरळ धर रे. जमीन कापशील."

"अहो, हसू नका त्याला," थोरला म्हणायचा, तेही अशा मायेने की बोचल्याशिवाय राहू नये. "प्रयत्न करतोय बिचारा. पण दारूने हात गेला तो गेला. पिणाऱ्याचा हात थरथरायचाच, त्याला इलाज नाही."

हे तो रोज कोणा ना कोणाला सांगायचा. स्वतःचा हात बिनसलेला असला की जास्तच सांगायचा. आणि पीस खाली बसून, पंज्याने केस गोळा करत, "खरं आहे," म्हणायचा.

खरं तर त्याचा हात अजिबात थरथरत नव्हता. चहाचा कप काठोकाठ भरून तो मागच्या खोलीतून आणायचा आणि बशीत थेंब सांडायचा नाही. थोरला ते आरशातून बघायचा आणि नजर फिरवायचा.

केंद्रात सुट्टीच्या दिवशी बैठक असायची. सुटून गेलेले लोक आणि त्यांच्या घरचे गोल करून खुर्च्यांवर बसायचे. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम एकच होता, पण कडक: ज्याच्याबद्दल बोलणं चाललं आहे त्याने वाद घालायचा नाही, खुलासा द्यायचा नाही. बोलणाऱ्याचं संपलं की "ऐकलं" म्हणायचं आणि थांबायचं. बाई म्हणायच्या, "घरात कोणी कोणाचं ऐकून घेत नाही, म्हणून हा नियम."

घरच्यांना हा नियम फार मानवला. थोरली तर जायच्या आदल्या दिवसापासून काय काय बोलायचं ते घोळवत बसायची. भाऊजींनी पाहुण्यांसमोर केलेली ओकारी ती दर बैठकीत सांगायची आणि दर वेळी त्यात एखादा पाहुणा वाढायचा.

"ऐकलं," पीस म्हणायचा.

थोरला कमी बोलायचा. शेवटी फक्त म्हणायचा, "काकांचा गाल मला अजून दिसतो."

"ऐकलं," पीस म्हणायचा. त्याचा आवाज तेवढ्या वेळी खाली जायचा.

मग एक दिवस दुकान बंद करताना पीस म्हणाला, "दादा, मी काकांकडे जाऊन येतो. माफी मागायची राहिली आहे. बाई म्हणतात, ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर उभं राहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

थोरल्याच्या हातातून कंगवा निसटला. "कशाला म्हाताऱ्याला त्रास? विसरले असतील ते."

"गालावर घेऊन फिरतात, दादा. विसरतील कसे?"

पीस गेला. काका भिंगातून एका मनगटी घड्याळात बघत होते. पीसने काही न बोलता त्यांचे पाय धरले. काकांनी डोळ्याचं भिंग काढलं. पीसची दोन्ही टाचांवर बसलेली बोटं त्यांना जाणवत होती, आणि ती दगडासारखी स्थिर होती. उभा जन्म बारीक चाकं हलताना बघण्यात गेलेला माणूस. त्याला ते सहन झालं नाही.

"ऊठ," काका म्हणाले. "मी खुर्चीत होतो, समोर आरसा होता. मला वस्तरा दिसत होता आणि वस्तऱ्यामागचा हातही दिसत होता. तू पडद्यामागे होतास, पोरा."

हे थोरल्याला त्या दिवशी कळलं नाही. पीस घरी आला, उंबऱ्यात तोंड उघडलं, हुंगून घेतलं, जेवला. लवकर झोपला. दुसऱ्या दिवशी केस झाडले, टॉवेल धुतले. फक्त आरसा पुसताना तो थोरल्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. थोरल्याने हात खिशात घातला. दोघांनाही समजलं.

त्याच दिवशी, भर उजेडात, दुपारच्या जेवणानंतर थोरल्याने केंद्रात फोन केला. आवाज काळजीने भरून आला होता. थोडी काळजी खरीही होती. "बाई, तो एकटाच बसतो हल्ली. बोलत नाही. जुनं काहीतरी उकरून काढायच्या विचारात दिसतो. मला लक्षण ठीक वाटत नाही."

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखे घरचे असले की आमचं निम्मं काम होतं."

बैठकीच्या दिवशी पीसने बोलायची परवानगी मागितली. त्याने दाढी केलेली होती, स्वतःची, गुळगुळीत. तो उभा राहिला.

"मी इतके दिवस सांगत आलो की मी एका माणसाचा गाल कापला. मी नाही कापला. मी प्यायलो होतो, मी घरच्यांना छळलं, ते सगळं माझं. पण तो गाल माझा नाही. दादा, वस्तरा तुझ्या हातात होता. तुझा हात थरथरतो. काकांनी आरशात बघितलं."

गोलात चुळबुळ झाली. थोरलीने "अगं बाई!" म्हणून तोंडाला पदर लावला.

"मला तुझ्याकडून काही नको," पीस म्हणाला. "माफी नको. फक्त हात पुढे कर. सगळ्यांसमोर, असा." त्याने आपला उजवा हात समोर धरला. बोटं पसरून. एक बोट हलत नव्हतं. "एकदा धर असा. मग मला माझी खुर्ची दे, नाहीतर नको देऊस."

थोरल्याचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. उजवा तिथेही फडफडत होता, पकडलेल्या पाखरासारखा. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्याला आठवलं की इथे बोलायचं नसतंच.

"ऐकलं," तो म्हणाला.

पीस वाट बघत उभा होता. हात पुढे धरलेला.

"पीस, खाली बसा," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथे आपण कोणाला काही करून दाखवायला लावत नाही. आणि आज तुम्ही काय करताय ते तुमच्या लक्षात येतंय का? तुमच्या सुधारण्याची सुरुवात ज्या जबाबदारीपासून झाली, तीच तुम्ही दुसऱ्याच्या गळ्यात घालताय."

"पण काकांना विचारा!"

"काकांचं वय झालंय हो," थोरली मध्येच म्हणाली. "परवा मलाच ‘तू कोणाची बायको?’ म्हणून विचारत होते."

पीस आपल्या बायकोकडे वळला. "तू तरी सांग. कपडे तू धुतलेस."

ती खाली बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर ते ठिपके आले, एकेक. मग मागची सगळी वर्षं आली, दारातली, नळावरची, शेजाऱ्यांच्या नजरांची. हा खोटेपणा उपटला तर त्याच्याबरोबर काय काय उपटून येईल, हे तिला सांगता येत नव्हतं.

"जा ना थोडे दिवस आत," ती म्हणाली. "बरं वाटेल तुम्हाला."

पीसचा हात तेव्हा खाली आला.

"ऐकलं," तो म्हणाला.

त्याने भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. त्या शांतपणाचीही बाईंनी लक्षण म्हणून नोंद घेतली. पहिल्या वेळची कपड्यांची पिशवी बायकोने घरून आणून दिली. केंद्राच्या आतल्या दारापाशी तो थांबला आणि थोरल्याला म्हणाला, "दादा, डॉक्टरला हात दाखवून घे. डाव्यात उतरायच्या आधी."

थोरल्याला वाटलं, याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. मासिकं अजून पीसच्या खुर्चीवर होती. झाडायला कोणी नव्हतं, केस पायात येत होते.

"पीस दिसत नाही?" खुर्चीत बसलेल्या वाण्याने विचारलं.

"पुन्हा घसरला हो," थोरला म्हणाला. "किती करावं माणसाने?"

"तुम्ही देवमाणूस आहात," वाणी म्हणाला आणि मान मागे टाकली.

थोरल्याने फेस लावला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग वस्तरा गळ्याजवळ नेला आणि हाताला कापरं सुटलं. पातं हवेतल्या हवेत थरथरायला लागलं. त्याने डाव्या हाताने मनगट धरलं. तर तो डावाही थरथरायला लागला.

वाण्याचे डोळे आरशात होते.

तो काही न बोलता सावकाश उठला. गळ्यातला कपडा स्वतःच सोडला आणि फेस त्यालाच पुसला.

"दादा," तो म्हणाला, "तुम्हीही सुरू केलीत की काय?"

बाकावरची माणसं हसली नाहीत. हसली असती तर निभावलं असतं. त्यातल्या प्रत्येकाला थोरल्यानेच कधी ना कधी सांगितलं होतं की असा हात कोणाचा असतो. एकाला घरी काम आठवलं, दुसऱ्याला बाजारात.

थोरला दिवस मावळायच्या आत घरी निघाला. त्याच्या आधी बातमी पोचली होती. शेजारणी नळापाशी उगाच भांडी घासत उभ्या होत्या, आणि उंबऱ्यात त्याची बायको आडवी उभी होती.

"अगं, मी आयुष्यात कधी थेंब घेतला आहे का?" तो म्हणाला. "हात दुखतोय माझा. आजार आहे काहीतरी."

"भाऊजीही असंच सुरुवातीला म्हणायचे," ती म्हणाली. मागे पीसची बायको ओला शर्ट हातात घेऊन उभी होती. तिने एकदा थोरल्याकडे बघितलं आणि शर्ट पिळायला लागली.

"तोंड उघडा," थोरली म्हणाली.