दवाखान्यात गेलेली काढ्याची किटली

मी एक जुनी, ठेंगणी, मातीची किटली आहे. चहाची नव्हे हं मित्रांनो, चिनी जडीबुटींचा काढा उकळायची! आज मी इतकी खूश आहे, की माझं झाकणही थाऱ्यावर नाही.

कुंभाराने मला घडवलं, भट्टीत भाजलं आणि मी चिनी औषधांच्या वैद्यकाकांच्या दुकानात आले. तिथून ताईंनी मला घरी आणलं. ताई पडदे शिवतात. पूर्वी कधीतरी चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस सी झाला. हा आजार यकृतात वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. ताईंना शिवता शिवता गळून जायला होई, अन्नावरची तर वासनाच उडाली होती. वैद्यकाकांनी थोडा आधार म्हणून पुड्या दिल्या. त्यातल्या मुळ्या, साली, सुकी फळं आधी भिजवायची, मग मंद आचेवर उकळायची. ढवळायला लाकडी चमचाच. पहाटे देवापुढे हात जोडून झाले, की ताई मलाही नमस्कार करायच्या. मी हरखून जायचे! सासूबाई नाक मुरडायच्या, "केवढा गं हा उग्र वास!" पण काढा उतू चालला, की आच कमी करायला त्याच धावायच्या.

पुढे दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. विषाणूला हुसकून लावणाऱ्या, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. इथेच ताईंचं चुकलं. डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून तिथे त्यांनी माझं नाव काढलं नाही आणि वैद्यकाकांना वाईट वाटेल म्हणून त्यांना गोळ्यांचं सांगितलं नाही. दोघांचंही मन राखलं. यकृताचं कोण राखणार?

तपासणीत यकृताचे आकडे एकदम चढले. "असेच चढत राहिले तर गोळ्या थांबवाव्या लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई घरी येऊन मुसमुसू लागल्या.

"काढ्याचं सांगितलंस का त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई. ओरडल्या असत्या."

"मग ओरडू देत की! भिंती पडणार आहेत का? चल, ऊठ!"

आणि मित्रांनो, काय सांगू! सासूबाईंनी मला गरम गरमच टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला. किटलीच्या जन्माला येऊन मी लिफ्टमध्ये बसले!

मला टेबलावर ठेवून सासूबाई म्हणाल्या, "ही घ्या, लपवून ठेवलेली. हिला काय रागवायचं ते रागवा, पण माझ्या सुनेच्या गोळ्या थांबवू नका."

डॉक्टरीणबाईंनी झाकण उचललं, वास घेतला आणि हसू दाबलं. "रागावत नाही. पण हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं." लगेच त्यांनी वैद्यकाकांना फोन लावला.

फोनमधून काकांचा आवाज खोलीभर घुमला, "गोळ्या? अहो, मला कुणी बोललंच नाही! यातल्या काही मुळ्या त्यांच्यासोबत नकोतच. आजपासून काढा बंद!"

बंद! माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

मी फळीवर गेले. अंगावर धूळ बसली, तोटीत कोळ्याने संसार थाटला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ताईंचे आकडे हळूहळू उतरत होते आणि गोळ्या पुऱ्या झाल्या. मग शेवटच्या तपासणीची वाट पाहताना घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

आज ताई धापा टाकत जिना चढून आल्या. "आई, विषाणू सापडला नाही!"

"सापडला नाही? अगं, मग नीट शोधा म्हणावं!"

"आई, सापडला नाही म्हणजे तो नाहीच आता! गेला!"

सासूबाईंनी सुनेला अशी मिठी मारली, की भांड्यांची मांडणी हादरली आणि मी पडता पडता वाचले. यकृताच्या तपासण्या पुढेही होत राहतील. पण ताई आज पोटभर जेवल्या.

मित्रांनो, औषध कुठलंही असो, ते जपून घ्या आणि काय काय घेता ते तुमच्या प्रत्येक डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. भिडेपोटी गप्प बसू नका. मला आता कुणी चुलीवर चढवत नाही. मी रिकामी आहे, आणि भरलेली असतानाही मी इतकी सुखात कधी नव्हते!